पाचवा आठवडा

इमारतीतली पोरं तिला खारूताई म्हणायची, पण त्याचा झाडावरच्या खारीशी काही संबंध नव्हता. खाऱ्या पाण्याचे कॅन घेऊन ती रोज तीन जिने चढायची-उतरायची, म्हणून खारूताई. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तिला हसू आलं होतं. लोक मागून नावं ठेवतात, पोरांनी निदान एकच ठेवलं होतं, आणि खारं असून ते गोड होतं. बावन्नाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला नवीन नाव दिलं, म्हणजे कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष आहे, एवढं तिला पुरलं.

लोकांच्या घरातल्या समुद्री माशांच्या टाक्या सांभाळणं हे तिचं काम. आधी ती शोभेच्या माशांच्या दुकानात बारा वर्षं होती. मालकानं दुकान गुंडाळलं, पण गिऱ्हाइकं तिला सोडेनात. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक टाकी, वकीलबाईंच्या ऑफिसात एक, एका हॉटेलच्या दाराशी एक भलीमोठी. दर आठवड्याला जायचं, मीठ मोजून कालवलेलं पाणी बदलायचं, काच घासायची, मासे मोजायचे आणि निघायचं. बोलणं असं फारसं व्हायचं नाही. दवाखान्यात लोक गाल धरून बसलेले, आणि वकीलबाई सदानकदा फोनवर.

नवा मासा आणायचा झाला की तिचा एक नियम होता. तो आधी तिच्या घरी राहायचा, चार आठवडे. अंगात काही रोग असलाच तर तेवढ्यात वर येतो, आणि समुद्रातून पिशवीत, पिशवीतून दुकानात असा फिरून बावचळलेला जीव जरा खायला शिकतो. "चार आठवड्यांचं माहेरपण," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. दुसरा नियम तिनं स्वतःपुरता ठेवला होता. लळा लावून घ्यायचा नाही.

ही माहेरपणाची टाकी आतल्या खोलीत होती. पूर्वी तिथे आईची खाट होती. आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि त्या अकरा वर्षांत लग्नाचं, चांगल्या नोकरीचं, कुठे जाण्यायेण्याचं जे जे म्हणून राहिलं ते राहूनच गेलं. भाऊ परदेशात. रविवारी फोन करायचा, "सगळं ठीक ना?" असं विचारायचा आणि "बरं बरं" हे उत्तरही स्वतःच देऊन टाकायचा. आई गेल्यावर खाट काढली तर खोली इतकी मोठी झाली की आत जाववेना. मग तिनं तिथे टाकी लावली. पंपाचा बारीक आवाज सुरू झाला आणि खोली पुन्हा खोलीएवढी झाली.

एका दुपारी अनोळखी माणसाचा फोन आला. "माझे मासे मरताहेत," तो म्हणाला. "तीन आणले, तिन्ही गेले. टाकी बिघडली की मी?"

ते बंदरावर क्रेन चालवायचे. आता निवृत्त. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी दूरच्या शहरात. मागच्या खेपेला मुलगी आली तेव्हा तिनं हौसेनं ही टाकी बसवून दिली होती, बाबांना सोबत म्हणून. घर एकदम नेटकं. वर्तमानपत्रांच्या घड्या एकावर एक, कोपऱ्याला कोपरा लावून. टाकीसमोर एकच खुर्ची. आणि टाकीत नुसते दगड.

"मासे सोडलेत कसे?" खारूताईनं विचारलं.

"कसे म्हणजे? पिशवी उघडली, ओतले."

"तुम्हाला कुणी झोपेतून उचलून भलत्याच गावच्या गार पाण्यात टाकलं तर?"

"मला पोहता येतं."

"त्यांनाही येत होतं."

क्रेनवाले खो खो हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नसावं, असं तिला वाटलं.

त्यांच्यासाठी तिनं दोन मासे आणले. एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा जोकर. दुसरा बोटाएवढा, पुढून पांढरा आणि शेपटीकडे पेटत गेल्यासारखा लाल, पाठीवर काडीसारखा उभा तुरा. त्याला ती तुरेवाला म्हणायची. ते नाव नव्हे, नुसती ओळख, असं तिनं स्वतःला बजावलं.

"मी बघायला येऊ का?" क्रेनवाल्यांनी फोनवर विचारलं. "मासे माझेच ना?"

हे आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं. "या की," ती म्हणाली. "गुरुवारी चारला या."

पहिल्या गुरुवारी ते तीन जिने चढून आले आणि पाच मिनिटं नुसते धापा टाकत बसले. "साठ मीटर उंच चढायचो रोज," ते म्हणाले, "आणि आता हे!" तिनं चहा केला. दोघं टाकीसमोर बसले. तुरेवाला प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यात दडून बसला होता, फक्त तुरा बाहेर. अर्ध्या तासात त्यानं एकदाच तोंड दाखवलं, तर क्रेनवाल्यांनी खुर्चीवरून उठून तिला हात करून दाखवला, जणू तिनं तो कधी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या गुरुवारी त्यांनी बिस्किटांचा पुडा आणला. तिसऱ्या गुरुवारची चारची वेळ वकीलबाईंनी मागितली, तेव्हा खारूताईनं त्यांना बुधवारवर ढकललं. त्या गुरुवारी क्रेनवाले क्रेनबद्दल बोलत होते. एकदा वर चढलं की आठ तास. खाली माणसं मुंग्यांएवढी. बोलायला वायरलेस, पण त्यावर शब्द दोनच, उचल आणि सोड. "घरी आलो की बायको म्हणायची, काहीतरी बोला. मला सुचायचंच नाही हो. आता सुचतं, तर ऐकायला कोण आहे?"

खारूताईनं कपात बघितलं. तिलाही पुष्कळ सुचायचं. पण इतकी वर्षं न बोलता गेली की कुठून सुरुवात करावी ते कळत नसे. म्हणून ती माशांबद्दल बोलायची. जोकर कसा हातातून खातो, तुरेवाला कसा आता मधल्या पाण्यापर्यंत येतो.

चौथ्या गुरुवारी दोन्ही मासे ठणठणीत होते. तुरेवाला तर काचेपाशी येऊन बारीक कोळंबीचे कण टिपत होता.

"मग?" क्रेनवाले म्हणाले. "आता न्यायचे ना?"

"तुरेवाला अजून बुजतोय," ती म्हणाली. "एक आठवडा राहू दे."

खोटं बोलायचं असं काही तिनं ठरवलं नव्हतं. जीभच पुढे धावली. क्रेनवाल्यांनी काचेपाशी बागडणाऱ्या माशाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. "तुम्ही म्हणाल तसं."

पाचव्या गुरुवारी त्यांना स्वतःच्या हातानं खायला घालायचं होतं. टाकीच्या काचेच्या झाकणाला एका कोपऱ्यात दोन बोटांची फट होती. तिथे ती जाळीचा बोळा कोंबून ठेवायची, कारण तुरेवाल्याच्या जातीचे मासे घाबरले की बाणासारखे उडतात. क्रेनवाल्यांनी बोळा काढला, चिमटीनं कण सोडले आणि सोडता सोडता बायकोची गोष्ट काढली. क्रेनच्या केबिनमधून त्यांच्या घराची गॅलरी दिसायची. दुपारी बायको तिथे लाल टॉवेल वाळत घालायची. टॉवेल दिसला की समजायचं, घरी सगळं ठीक. "निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा ती गेली. पुढची दोन वर्षं मी रोज दुपारी तिकडे बघत होतो. कठडा रिकामा. तरी बघायचोच."

खारूताई ऐकत राहिली. ते गेले, तिनं कप विसळले, खिडकीत उभी राहून त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं. जाळीचा बोळा टेबलावर तसाच पडून होता.

शुक्रवारी सकाळी टाकीत जोकर एकटा होता. तिनं पाइपचे तुकडे हलवून पाहिले, दगडामागे पाहिलं. मग गुडघ्यांवर बसून टेबलामागे हात घातला. तुरेवाला भिंतीच्या कडेला होता. वाळून कडक झालेला, वाळल्या पानाएवढं वजन. लाल रंग तेवढा शेपटीला अजून थोडा शिल्लक होता.

बारा वर्षं दुकानात आणि पुढची कितीतरी वर्षं घरोघर तिनं शेकडो मेलेले मासे उचलले होते. हा तळहातावर घेऊन मात्र ती तशीच फरशीवर बसून राहिली. दवाखान्यात जायची वेळ टळून गेली.

खरं म्हणजे सोपं होतं. "समुद्री माशांचं असंच असतं," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. किंवा दुसरा तुरेवाला आणून दिला असता, तर क्रेनवाल्यांच्या बापालाही कळलं नसतं. शुक्रवारचा सगळा दिवस ती हेच घोळवत होती.

शनिवारी तिनं जोकरला पिशवीत घेतलं आणि त्यांच्या घरी गेली.

"अहो, सांगायचं ना, मी आलो असतो," दार उघडत क्रेनवाले म्हणाले. "आणि दुसरा कुठाय?"

"आधी याचं करू."

पिशवी वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी सारखं उबेला यावं म्हणून. मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घेतला, टाकीतून एक बारीक नळी बादलीत सोडली, तिला सैल गाठ मारली. थेंब पडू लागले. नव्या पाण्याची अशी थेंबाथेंबानं ओळख व्हायला तासभर लागतो. दोघं बादलीशेजारी बसले, ते खुर्चीवर, ती पाटावर.

"तुरेवाला गेला," ती म्हणाली. "झाकणाच्या फटीतून उडाला. काल सकाळी सापडला."

"अरेरे." त्यांचा चेहरा उतरला. "जाळी मी काढली होती. माझ्यामुळेच झालं की."

त्यांनी तो दोष इतक्या सहज उचलला की तिला तिथे बसवेना. "जाळी परत लावायचं काम माझं," ती म्हणाली. "आणि तो मागच्याच आठवड्यात तयार होता. बुजत-बिजत काही नव्हता. मी मुद्दाम ठेवून घेतला."

"मुद्दाम? ते कशाला?"

"गुरुवारी तुम्ही येता म्हणून."

बादलीत थेंब पडत होते. क्रेनवाले उठले, वर्तमानपत्रांची चळत उगाच नीट केली. "असं होय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "चहा टाकतो." स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा पाण्यात मीठ किती हवं ते विचारू लागले. तिनं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, अगदी सुवाच्य अक्षरात.

मासा तिनं हलकेच वाटीनं उचलून टाकीत सोडला, बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. "आज दिवा लावू नका. आज खायलाही नको. उद्या चिमूटभर." जोकर दगडामागे गेला आणि दिसेनासा झाला.

तीन दिवस रोज त्यांचा फोन आला. "बाहेर येत नाही हो." "येईल." चौथ्या दिवशी आवाजच वेगळा. "आला! खाल्लं! माझ्याकडे बघत होता!" त्यानंतर फोन आला नाही.

गुरुवारी चार वाजता ती घरीच होती. कुणी आलं नाही. येण्याचं कारणही उरलं नव्हतं. ते रागावले होते की नुसतंच काम संपलं होतं, हे तिला उमगेना, आणि असं काही फोन करून विचारता येत नाही. आतल्या खोलीत रिकाम्या टाकीचा पंप चालूच होता. मासा नसला तरी तो बंद करता येत नाही, नाहीतर पाणी मरतं.

मग दर सोमवारी ती त्यांच्या घरी जाऊ लागली, बाकीच्या गिऱ्हाइकांकडे जायची तशीच. क्रेनवाले बादल्या काढून ठेवायचे, चहा द्यायचे आणि दुसऱ्या खोलीत पेपर वाचत बसायचे. वागण्यात काही खोट नव्हती. तिसऱ्या सोमवारी ती निघताना ते दारापाशी उभे राहिले.

"दुसरा तुरेवाला मिळेल का?"

"मिळेल."

"म्हणजे चार आठवडे तुमच्याकडे."

"हो," ती म्हणाली. "चारच."

त्या चार आठवड्यांत ते एकदाच आले, तेही मंगळवारी, न कळवता. झाकणाच्या फटीवर तिनं आता पक्की जाळी चौकटीत बसवून घेतली होती. त्यांनी ती बोटानं दाबून पाहिली, "मजबूत आहे," म्हणाले. अर्धा तास बसले. मुलगी त्यांना आपल्याकडे राहायला बोलावत होती, ते म्हणाले, आणि त्यांचं अजून काही ठरत नव्हतं. खारूताईनं विचारलं, "मग टाकीचं काय?" त्यांनी खांदे उडवले. त्या दिवशी प्रथमच तिनं आईबद्दल चार वाक्यं सांगितली. खाट कुठे होती ते दाखवलं.

ठरल्या दिवशी ती तुरेवाला घेऊन गेली. जोकर आता टाकीचा मालक झाला होता, नवा दिसताच त्याच्या अंगावर धावून जाणार हे ठाऊक होतं. म्हणून तिनं आधी दगड इकडचे तिकडे केले, म्हणजे जुन्यालाही घर नवंच वाटावं. मग पिशवी, बादली, नळी, तासभर थेंब. मासा सोडला, दिवा मालवला. तुरेवाला एका फटीत शिरला आणि तुरासुद्धा दिसेना.

तिनं हात पुसले, पिशवी आवरली.

"बसा ना थोडं," क्रेनवाले म्हणाले. आतल्या खोलीतून त्यांनी दुसरी खुर्ची आणली होती, ती टाकीसमोर ठेवली. "कदाचित बाहेर येईल."

आज येणार नव्हता. हे तिला ठाऊक होतं, आणि एव्हाना त्यांनाही. ती बसली. अंधाऱ्या पाण्यात जोकर नव्या दगडांभोवती चकरा मारत होता. पावणेसहाला ती उठली आणि बस गाठायला निघाली.