भिंतीवरचा तेलाचा डाग

बायको जाऊन वर्ष व्हायचं होतं. चेन्नईतलं अंबत्तूरचं घर सोडून कुठे जायची मला इच्छा नव्हती. पण मुलगा मागे लागला, आखातातल्या मुलीने तिकीट पाठवलं आणि महिन्याभरासाठी मला तिच्याकडे पाठवून दिलं. उतरल्याबरोबर पासपोर्ट तिच्या कपाटात. परतीची तारीख ठरलेली. आपण गप बसायचं.

एका शुक्रवारी तिने मला वाळवंटातलं राखीव रान दाखवायला नेलं. रान म्हणायचं आपलं, झाड एक नाही. वाळू आणि त्यात उभे तांबडे खडक, वाळवीने पोखरल्यासारखे. आपली गाडी फाटकावर ठेवून तिथल्याच माणसाच्या जीपने आत जायचं. संध्याकाळी तो परत आणतो.

बरंच आत गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, दादाने सांगू नको म्हटलंय, पण सांगते. आज घराला रंग द्यायला माणसं आलीत. तुम्ही जाल तेव्हा घर नवंकोरं."

"स्वयंपाकघराबाहेरची भिंत?"

"सगळंच घर."

"फोन लाव त्याला."

लावला. रेंज नव्हती.

त्या भिंतीला टेकून बायको दुपारी बसायची. शेवग्याचा पाला निवडायची. मी कामावर होतो तेव्हा कारखान्याचा भोंगा ऐकला की उठून चहा टाकायची. खोबरेल चोपडलेलं डोकं वर्षानुवर्षं एकाच जागी टेकलं, तर डाग पडणारच. काळपट, गोल, माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. मुलाला ती घाण वाटायची. बायको गेल्यावर मी रोज त्याच्यासमोर चहा घेऊन बसायचो.

"जीप मागे घ्यायला सांग."

मुलीने सांगितलं. जीपवाल्याने मान हलवली. एकटी गाडी वाळूत रुतली तर काढणार कोण? सोबत आलेली दुसरी जीप फिरेल तेव्हाच ही फिरणार.

"भिंतीचं एवढं काय, बाबा?" मुलगी म्हणाली.

मी बाहेर बघत बसलो. जिकडे बघावं तिकडे तेच खडक.

दोन खडकांच्या फटीत चित्रं होती. लाल रंगाचे उंट, हात वर केलेली माणसं. फार जुनी, म्हणे. मी टेकायला हात पुढे केला तसा जीपवाला ओरडला, "बाबाजी, हाथ मत लगाना. हाथ का तेल लगता है, फिर जाता नहीं."

मला ठाऊक होतं की. तेल जात नाही. म्हणून तर रंगाआधी भिंत पॉलिश पेपरने घासतात. त्या फटीत उभा होतो आणि कानात ते घासणंच येत होतं. मुलगी फोटो काढत होती, "बाबा, जरा हसा." नाही हसलो.

फाटकावर फोन लागला. मुलगा खुशीत होता. "ती भिंत ना? तीच आधी घेतली. केवढी तेलकट होती. आल्यावर हात फिरवून बघा."

महिना संपवून अंबत्तूरला आल्यावर हात फिरवला. गुळगुळीत. क्रीम रंग. ती बसायची ती जागा मला बोटांनी सापडेना. मग खिडकीच्या कडेवरून अंदाज घेतला.

आता मी जेवण झालं की तिच्या बाटलीतलं खोबरेल डोक्याला चोपडतो आणि तिथे खाली बसतो. गुडघे वाकत नाहीत, पण बसतो.

परवा सून म्हणाली, "मामा, नवीन रंग आहे. डाग पडेल."

म्हटलं, "पडू दे."