साखळी कुणाकडं?

पासष्ट साली लढाई सुरू झाली आणि बंगळूरच्या आमच्या कारखाना-वसाहतीत हवाई हल्ल्याची तालीम झाली. भोंगा वाजताच कुणी काय उचलायचं याची मी यादीच केली होती. बायकोने दागिने, मुलीने देव, मी प्रमाणपत्रं. घराला कुलूप लावून आम्ही खंदकात उतरलो.

तेवढ्यात आमच्या कुत्र्याला कवेत घेऊन पोस्टमन आला. बेळगावकडचा माणूस, नाव मी कधी विचारलं नाही. याच कुत्र्याने त्याची पोटरी फोडली होती, म्हणून आमची पत्रं तो फाटकाबाहेरूनच फेकायचा. भोंग्याला भिऊन अंगणात बांधलेला कुत्रा खांबाभोवती फिरत राहिला होता आणि साखळी त्याच्या गळ्याला आवळली होती.

"जनावरांना मनाई!" दंडावर पट्टा बांधल्यापासून आवाज जाड झालेले वॉर्डनसाहेब गरजले.

पोस्टमनने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "आधी धरा की ह्येला," तो मला म्हणाला. "कुलूप लावायला इसरला न्हाईसा, अण्णा. साखळी सोडायचं काम कुणाकडं दिलं हुतं?"

वॉर्डनसाहेबांनी वहीत लिहिलं, तालीम यशस्वी. त्या वहीचा मला अजून संताप येतो. पण ती यादी माझ्याच अक्षरात होती.