तलावावरचे तिघे

पक्षी बघायला गेलं की पक्षी मोजकेच दिसतात, किस्से मात्र पोतंभर घरी येतात. थंडीत दर रविवारी पहाटे आम्ही तिघं हिंगोलीतून निघतो. मी, एसटीच्या वर्कशॉपमधला वसंता आणि निवृत्त शिक्षिका सुनंदाताई. लांब कुठं नाही, साखरा गावाकडच्या रस्त्यावरचा तलाव, नाहीतर त्यामागचं माळरान. पण ठरलं की जायचंच, मग धुकं असो की सर्दी.

* * *

पहिल्याच हिवाळ्यात तलावाच्या पाळीवर दुर्बिणी लावून उभे होतो. तुरीतून एक आजोबा आले, मागोमाग आणखी चार-पाच जण. आम्ही रस्त्याची मोजणी करायला आलोय, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

"किती जमीन जाऊन राहिली, ते खरं सांगा," आजोबा म्हणाले.

आम्ही बदकं बघतोय, हे कोणाला पटेना. शेवटी वसंतानं दुर्बीणच त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ पाण्याकडं पाहिलं, दुर्बीण परत केली आणि मागच्यांना सांगितलं, "काही न्हाई. रिकामे लोक हायेत."

मग सगळ्यांनी मिळून आम्हाला चहा पाजला.

* * *

वसंताला भोवत्या जवळून बघायचा होता. हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातो, पण माणूस हलला की वळतो. म्हणून वसंता बाभळीखाली दगडासारखा बसला. तेवढ्यात शेळ्या आल्या. एकीनं त्याच्या खिशातले शेंगदाणे पुडीसकट खाल्ले आणि मग मफलर चघळायला घेतला. आम्ही लांबून खुणा करत होतो, हा ढिम्म.

शेळ्यांमागच्या बाईनं आम्हाला हळूच विचारलं, "यांना काही तकलीफ झाली काय?"

त्याच वेळी भोवत्या वसंताच्या डोक्यावरून गेला. वसंता उठला तेव्हा मफलर अर्धा उरला होता. तो अजून तोच घालतो.

* * *

सुनंदाताईंचं मागच्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुण्याच्या लेकीनं बजावलं, यंदा भटकायचं नाही. ताईंनी ऐकून घेतलं आणि गच्चीवर चालायला सुरुवात केली. आधी वॉकर, मग काठी. जानेवारीत आम्हाला म्हणाल्या, "मला धरायचं न्हाई. मी चालत येणार."

रस्त्यावर लावलेल्या गाडीपासून बसत, उठत त्या तलावापर्यंत आल्या. तिथं चक्रवाकांची जोडी होती, केशरी रंगाची मोठी बदकं. त्यातलं एक काठाजवळ नायलॉनच्या जाळ्यात अडकून फडफडत होतं. दुसरं वर घिरट्या घालत ओरडत होतं.

वसंता गाडीतून ब्लेड आणायला धावला. मी बूट काढत होतो. तोवर ताईंनी काठी चिखलात रोवली आणि त्या पाण्यात उतरल्या. मी हाका मारल्या, त्यांनी वळून पाहिलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी पक्ष्याच्या डोक्यावर पदर टाकला, त्याला पोटाशी धरलं. तो शांत झाला. ब्लेड घेऊन आलेला वसंता एकेक धागा कापत होता.

"सावकाश. पंख सांभाळ," एवढंच त्या बोलल्या.

मग पदर काढला. पक्षी पाणी उडवत धावला आणि उडाला. वरचा खाली आला, आणि दोघं पाळीपलीकडं गेले.

ताईंना काठावर आणून माझा स्वेटर पांघरला. त्या थडथड कापत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. लेक रोज सकाळी विचारपूस करते. ताईंनी एक मोठा श्वास घेऊन आवाज सरळ केला.

गुडघा कसा आहे, असं तिनं विचारलं असणार.

"बराय," ताई म्हणाल्या, "आज चांगला थंड शेक घेतला."