विरजणाचा प्रश्न

"शून्य," मी फॉर्मवर लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. राजुरीच्या सुमनबाईंनी दहाही प्रश्नांना "न्हाई" म्हटलं होतं. झोप उडते का? न्हाई. रडू येतं का? न्हाई.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. डिप्रेशन ओळखायची एक छोटी इंग्रजी प्रश्नावली आम्ही मराठीत आणत होतो. एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून बघायचे. याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात. आमचं इतकं तंतोतंत जुळलं की प्रकल्प चालवणाऱ्या पुण्यातल्या सरांनी सगळ्यांना चहा पाजला. मीही हवेतच होते. गावात मात्र ज्या बाईला विचारावं तिचं शून्य. जुन्नर तालुक्यात दुःख म्हणून नव्हतंच!

सोबत उपकेंद्राच्या नर्स लताबाई होत्या. कित्येक वर्षं हीच गावं पायी फिरलेल्या. मी उठले, त्या बसूनच राहिल्या.

"सुमे, विरजण कुणाकडनं आणतीस गं हल्ली?"

सुमनबाई म्हणाल्या, "न्हाई आणत."

"कवापास्नं?"

"लई दिस झालं. शेजारी जावंसंच वाटत न्हाई. दूध समदं डेरीला घालते."

"जिवाचं काय वाईट येतं का मनात?"

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. "हिरीवर गेले की लई येळ वाकून बघत ऱ्हाते, नर्सबाई."

या बाईंना मी आत्ताच ठणठणीत ठरवलं होतं. लताबाईंनी सुमनबाईंच्या नवऱ्याला शेतातून बोलावून घेतलं आणि दुपारच्या एसटीने दोघांना जुन्नरला डॉक्टरांकडे नेलं.

"तुम्हाला कळलं कसं?" परतीच्या वाटेवर मी लताबाईंना विचारलं.

"म्याडम, पावण्यापुढं कुणी रडत न्हाई. बरं हाय म्हणायचं आसतं. पर विरजणाला बाई शेजारी जातीच. वाटी न्यायची, घटकाभर बोलून यायचं. ती जायची थांबली की आमी समजतो."

एवढं शिकून मला जे दिसलं नाही, ते लताबाई एका वाटीत बघत होत्या.

सरांना फोन केला. "आवडीच्या गोष्टींतला रस गेला का, या प्रश्नाच्या जागी विरजण घालायचंय."

"मूळ प्रश्नावलीत विरजण कुठाय?"

"मूळ प्रश्नाला राजुरीत उत्तर कुठाय, सर?"

"मग तपासून दाखवा."

गावोगावच्या बायकांना नवा प्रश्न विचारून तपासलं. आमचे फॉर्म न बघता डॉक्टरांनी त्याच बायकांशी स्वतंत्र बोलून निदान केलं. दोन्ही ताडून बघितलं, तर विरजणाचा प्रश्न सगळ्यांत खरा निघाला.

काही महिन्यांनी आम्ही सुमनबाईंकडे गेलो. दाराला बाहेरून कडी. मी विहिरीकडे बघितलं.

तेवढ्यात शेजारच्या घरातून सुमनबाई आल्या, हातात पदराखाली झाकलेली वाटी. "बसा की! जरा बोलत बसले व्हते."

फॉर्म पिशवीतच राहिला. तेव्हापासून कुठलीही प्रश्नावली हाती आली की मी डिक्शनरी नंतर उघडते. आधी त्या गावची नर्स गाठते.