निरंक म्हणजे किती?

जगात काळजी करण्यासारखं काहीच उरलं नसतं, तर ते उरलं कसं नाही याची काळजी आमच्या साडूंनी केली असती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान लातुरात एका खाजगी कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत. सरकारसाठी गावोगावच्या पावसाचे आकडे ओळीनं लावून सरासरी काढायची, हे काम. आता हे आकडे म्हणजे म्हाताऱ्याचे दात, मधूनमधून गायब. कुठं मोजणारा लग्नाला गेलेला, कुठं पर्जन्यमापक चोरीला. बाकीचे लोक रिकाम्या जागी शून्य ठोकून चहाला जात. साडूंच्या अंगावर काटा येई. "अहो, शून्य म्हणजे मोजलं आणि पडला न्हाई. रिकामं म्हणजे मोजलंच न्हाई. पडला असंल बी!" मग ते तिथं 'बेपत्ता' अशी खूण घालत आणि घरचं माणूस हरवल्यासारखे दिवसभर उदास राहत.

घरातही तीच तऱ्हा. लेकीला पाहून गेलेल्या मंडळींनी पुढं काही कळवलंच नाही. सगळ्यांनी तो नकारच धरला, पण साडू ऐकतील तर शपथ! दुसरा मुलगा कांदेपोहे खात समोर बसलेला असताना ते त्याला म्हणाले, "आधीच्यांचं उत्तर अजून यायचंय." एकदा मी जेवायला येतो की नाही हे सांगायचं विसरलो, तर माझं ताट रात्रीपर्यंत मांडून ठेवलं. वाढलं नाही, उचललंही नाही. उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली की ते प्रोग्रॅममध्ये एक रकाना रिकामा सोडत. "आणि नाही झाला तर?" मी विचारायचो. "न्हाई म्हणलंय का कुणी?" मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

मग तो दुष्काळ आला. ज्या गावची सरासरी ठरल्यापेक्षा कमी, त्याला टँकर, हे साडूंचा प्रोग्रॅमच सांगायचा. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या सासुरवाडीची विहीर आटली. शेजारच्या गावांत टँकर आले, आमच्या गावात नाही. मामी, म्हणजे आमच्या सासूबाई, फोनवर कधी गाऱ्हाणं सांगायच्या नाहीत. शेजारणीकडून कळल्यावर मी तडक साडूंकडं गेलो. "काय करतंय हो तुमचं यंत्र? म्हातारी दोन कोसांवरून घागर वाहतीय!"

साडूंचा चेहरा पांढराफटक. त्यांनी गावचे आकडे उघडले, तर आकडा एकही नाही. श्रावणभर तिथल्या मोजणाऱ्यानं रोज इमानदारीत एकच शब्द लिहिला होता, 'निरंक'. सरकारी कागदावर 'काही नाही' म्हणायची आपली रीतच ती. यंत्राला हवा आकडा. अक्षर दिसलं की साडूंनी शिकवल्याप्रमाणं ते बेपत्ता धरायचं आणि उरलेल्यांची सरासरी काढायचं. इथं उरलंच नाही काही, म्हणून सरासरीच बेपत्ता. ती कमी आहे का, असं विचारलं तर बेपत्त्याला कमी कसं म्हणावं? यंत्र म्हणालं, नाही. म्हणून टँकर नाही.

"मोजलं होतं हो त्यानं," साडू डोकं धरून बसले. "थेंब न्हवता म्हणून निरंक लिहिलं. जे शून्य मी जन्मभर कुणाला घालू दिलं न्हाई, तेच खरं होतं. मीच गाव बेपत्ता केलं."

पुढचे काही दिवस त्यांनी घास नीट खाल्ला नाही. निरंक म्हणजे शून्य असं यंत्राला शिकवलं, कचेरीत हातापाया पडले, आणि टँकर मंजूर झाला तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारी स्वतः चढून बसले. वाटेत टँकरही बेपत्ता झाला तर? मी मागून मोटारसायकलवर, त्यांच्या काळजीची काळजी करत.

मामी आता नाहीत. पण त्या दिवशी दारात उभ्या होत्या तशाच दिसतात. "जयभीम, पावणं. बसा." आणि आतून तांब्या घेऊन आल्या.

"मामी, माझ्यामुळंच तुमाला पाणी..." साडूंनी हात जोडले.

"ते मागून सांगा. उन्हाचं आलाव. आधी पाणी प्या."

टँकरचा नळ अजून सुटायचा होता. घरातलं तेवढंच पाणी होतं हे आम्हा दोघांनाही कळलं. पण सासुरवाडीचं पाणी परत कसं करायचं? साडू तांब्या दोन्ही हातांनी धरून हळूहळू प्याले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तांब्यातला थेंब सांडू दिला नाही. बाहेर घागरींचा कल्ला उठला, आणि मामी उंबऱ्यात उभ्या राहून विचारत होत्या, "अजून आणू का?"