हिंदुरावांनी थांबवलेला गोलकीपर

आमच्या कळसचे हिंदुराव तीन वर्षं बावड्याला गेले नव्हते. तिथं त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं. चुलत बहिणीच्या नातवाच्या बारशालाही त्यांनी बायकोला, कौसल्यावहिनींना, एकटीला पाठवलं आणि स्वतः दिवसभर बांधावर बसून राहिले. विचारलं तर म्हणायचे, गुडघा दुखतोय. गुडघ्याचं खोटं होतं. मी त्यांचा शेजारी, त्यांच्या मालाचा टेम्पो माझा, मला ठाऊक नसणार तर कुणाला? बावड्याला रणजित होता.

हिंदुराव बारामतीच्या कऱ्हाकाठ फुटबॉल क्लबचं मैदान सांभाळायचे. गवत कापायचं, पाणी द्यायचं, सामन्याच्या आदल्या दिवशी फक्कीने रेषा मारायच्या. आम्ही कुस्ती-कबड्डीवाली माणसं, फुटबॉल म्हणजे कोल्हापूरकरांचं वेड असं समजणारी. पण हिंदुरावांनी ते गवत उसापेक्षा जास्त जीव लावून वाढवलं. क्लबचा मालक जमिनीचे प्लॉट पाडून गबर झालेला. पहिल्या वर्षी त्याने आसपासची पोरं घेतली आणि संघ बऱ्यापैकी जिंकला. तिथंच समाधान मानावं की नाही? पण याला वरच्या लीगमध्ये जायची घाई. दुसऱ्या वर्षी त्याने ब्राझीलचा एक स्ट्रायकर आणला. त्या एकट्याचा पगार बाकीच्या अख्ख्या संघाएवढा. त्याला फ्लॅट, त्याला गाडी, संघाला एसी बस आणि बसवर मालकाचा हसरा फोटो. वरच्या लीगमध्ये गेलो की टीव्हीचे पैसे येतील आणि सगळं फिटेल, असं तो भाषणात सांगायचा. न आलेल्या पैशावर बस पळत होती. ऑक्टोबरपासून पगार थांबले. ब्राझीलवाल्याने वकील लावून आपले वसूल केले. आपल्या पोरांना कुठला वकील?

रणजित त्या संघाचा गोलकीपर, बावड्याचा, बावीस वर्षांचा. जानेवारीत त्याला गोव्याच्या एका क्लबचं बोलावणं आलं. महिनाअखेरीच्या आत सही करायची होती, पण जाताना थकलेल्या पगारावर हक्क सोडल्याचं इथं लिहून द्यावं लागणार होतं. पोरगा घाबरला आणि सल्ला विचारायला मैदानावर हिंदुरावांकडे आला. मी त्या दिवशी खत पोचवायला गेलो होतो, म्हणून सगळं स्वतःच्या कानाने ऐकलं.

आता हिंदुराव पडले उसाचे माणूस. कारखान्याचं बिल आमच्याकडे असंच येतं. आधी पहिली उचल, मग वाट बघणं, मग एखादा हप्ता, दिवाळीला शेवटचा. उशीर झाला म्हणून कुणी सभासदत्व सोडत नाही. त्यांनी तोच नियम क्लबला लावला.

"बिल थकतं, पर बुडत न्हाय," ते म्हणाले. "थांब तू. एवढ्या मोठ्या बसचा मालक पळून जातुय व्हय?"

रणजित थांबला. मार्चमध्ये फाटकाला कुलूप लागलं, फायनान्सवाल्यांनी बस ओढून नेली, मालकाचा फोन बंद. कारखान्याच्या गोदामात साखर तरी असते. क्लबकडे विकायला काय होतं, गवत? हे त्या दिवशी मलाही सुचलं नाही, म्हणून मी हिंदुरावांना शहाणपणा शिकवत नाही. गोव्याने दुसरा गोलकीपर घेतला, आणि रणजितला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

तेव्हापासून हिंदुरावांना चेंडूचा आवाज येतो. भर दुपारी, डाळिंबाच्या बागेत. हातातलं खोरं थांबवून ते कान देतात. कौसल्यावहिनी म्हणतात, शेजारच्या मोटारीचा पाइप आपटतोय. ते मान हलवतात आणि तरीही ऐकत राहतात. खरं सांगतो, मला त्यांच्याजवळ उभं राहायची भीती वाटायला लागली होती.

यंदा व्यापाऱ्याने डाळिंबं बावड्याच्या पॅकिंग शेडला मागवली आणि वजनाला बागवाला स्वतः हवा म्हणाला. वाटेत निमगाव केतकी ओलांडल्यावर हिंदुराव एवढंच म्हणाले, की आज त्या पोराचे पाय धरणार.

रणजित त्याच शेडमध्ये कामाला होता. खालचा माणूस क्रेट वर फेकायचा आणि हा ट्रकवर उभा राहून झेलायचा. एकही सुटत नव्हता. हिंदुरावांना बघून तो उडी मारून खाली आला, उलट त्यांच्याच पाया पडला, चहा सांगितला. मग त्याने आपली अडचण काढली. शेडवाल्याने तीन महिने पगार दिला नव्हता. सोलापूरच्या एका शाळेने पोरांना फुटबॉल शिकवायला बोलावलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. गेला तर इथले तीन महिने बुडणार.

"काय करू, आबा?"

हिंदुराव म्हणाले, मला नको विचारूस, माझं ऐकूनच तुझं वाटोळं झालं. रणजित हसला.

"तुमचं ऐकून न्हाय. मलाच जायचं न्हवतं. गोव्याचं भ्याव वाटत हुतं. तुमी थांब म्हणणार हे म्हाईत हुतं, म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"आन आज?"

रणजितने मान फिरवून अर्ध्या भरलेल्या ट्रककडे बघितलं.

हिंदुरावांनी त्याचं मनगट धरून त्याला टेम्पोपर्यंत ओढत आणलं आणि दार उघडलं. आत बस, म्हणाले, आत्ताच्या आत्ता सोलापूरला सोडतो. मी गाडी चालूसुद्धा केली. एवढा ट्रक भरू द्या, असं म्हणत रणजितने मनगट सोडवून घेतलं आणि तो वर चढला. आम्ही थांबलो. ट्रक भरला, ताडपत्री बांधून झाली, ट्रक निघून गेला. त्या जागी दुसरा येऊन लागला. हिंदुराव टेम्पोचं दार धरून तसेच उभे होते, आणि रणजित त्यांच्याकडे न बघता दुसऱ्या ट्रकवर चढला.