पप्पांचं खातं, माझी सही

"जीव वाचलाय. पण ते स्वतःचे निर्णय आत्ता घेऊ शकत नाहीत. पुढे घेतील का, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. पप्पांना ब्रेन हॅमरेज झालं होतं, म्हणजे मेंदूत रक्तस्राव. डोळे उघडे, ओळख नाही.

विरारच्या हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी विचारलं, इन्शुरन्स कुठल्या कंपनीचा? पप्पांनी तो ऑनलाइन काढलेला. हप्ता बँकेतून कापला जातो, एवढंच आईला माहीत. कंपनीच कळेना, तर क्लेम कुठे करणार? आणि क्लेमशिवाय उपचार किती दिवस ओढणार?

बँक म्हणाली, "माहिती फक्त खातेदाराला."

"खातेदार आयसीयूत आहे!"

"मग कोर्टाची ऑर्डर आणा."

गावाकडून, चांदीपहून, काका आले. आयसीयूच्या दारातच त्यांनी पिशवीतून शाईचा पॅड काढला. "बँकेच्या अर्जावर अंगठा उठव त्याचा. कोन बघतंय?" गावात आजारी माणसाची कामं अशीच उरकतात.

मी ओरडले, "अंगठा त्यांचा असेल काका, होकार नाही!"

"तुझी ती मोर्च्यातली भाषा हितं नको, पोरी. भाऊ हाय माझा आत."

मग हायकोर्टात अर्ज. डॉक्टरांचे दाखले, घरच्यांची संमतिपत्रं, तारीख, परत तारीख. हॉस्पिटलचा फोन आला की नवं बिल. त्यापायी आईच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. आपलाच बाप, आणि त्याच्यासाठी दारोदार परवानगी मागायची! अखेर कोर्टाने मला पप्पांची पालक नेमलं.

ऑर्डर दाखवली तरी मॅनेजर म्हणाले, "हेड ऑफिसला विचारतो." मी ती ऑर्डर काउंटरसमोर उभी राहून मोठ्याने वाचायला घेतली. रांग वळून बघायला लागली. दुसऱ्या पानावर मॅनेजर बाहेर आले.

"देतो, मॅडम. किती वर्षांचं स्टेटमेंट?"

"सगळं! पहिल्यापासून!"

सोबत आलेल्या आईने माझी बाही ओढली. "सगळं कशाला? हप्त्यापुरतं घे. बरे झाले की विचारतील, माझं काय काय बघितलंस म्हणून."

काकांच्या हातात शाई होती, माझ्या हातात ऑर्डर.

एका वर्षाचं घेतलं. त्यात कंपनी सापडली. उशिराच्या क्लेमवरून भांडले, मंजूर करून घेतला.

तुमच्या घरात असं काही झालं, तर अंगठा उठवू नका. कोर्टात जा, लवकर जा. आणि ऑर्डर मिळाली की लागेल तेवढंच बघा.

पप्पा आता घरी आहेत. बोलत नाहीत. पालक म्हणून कोर्टाला द्यायचा हिशेब मी आधी त्यांच्या उशाशी बसून वाचते. "पप्पा, सही करू?" विचारते, थांबते. डॉक्टर म्हणतात, त्यांना कळतं याची खात्री नाही.

नसेल. विचारायचं त्यांनाच.